अर्धं तिकीट, पण गाडी कुठाय?

लोक लाल गाडीत बसत नाहीत, अशी साहेब लोकांची तक्रार. म्हणून मग सवलती आल्या. २०२२ साली पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट, २०२३ ला बायकांना अर्धं तिकीट. पासष्ट ओलांडल्यामुळं मलाही अर्धंच लागतं. वाईट कोण म्हणतंय? पण जी गाडी येतच नाही, तिचं अर्धं तिकीट फाडायचं कुठं?

नातीला शाळेचा पास फुकट आहे. पाचला शाळा सुटते, पावणेसहाची गाडी एक दिवसाआड रद्द. मग पोरी वडापच्या जीपमागं लोंबकळणार, नाहीतर अंधार पडेस्तोवर फाट्यावर उभ्या. चार दिवस बघितलं की बापच म्हणतो, बास झाली शाळा. पोरीची शाळा अशी सुटते, अन् कागदावर तिचा पास चालूच असतो.

आणि स्टँडवरची बायकांची मुतारी? बाजाराला जायचं म्हटलं की आमची मंडळी सकाळपासनं पाणी पीत नाही.

आम्हाला गार हवा नको, गादीची सीट नको. मुतारीत पाणी अन् दाराला कडी द्या. गाडी रद्द असेल तर तासभर आधी कळवा. संध्याकाळची शेवटची गाडी मात्र रिकामी धावली तरी सोडा. परतीची खात्री असली तरच माणूस सकाळच्या गाडीत बसतो. नाहीतर तो कर्ज काढून मोटारसायकल घेतो. एकदा घेतली की तो काही परत फाट्यावर यायचा नाही.