नुसतं 'ओके' म्हणून भागत नाही!



चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा... आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या अशा कुठल्याही गावात गच्चीवर नाहीतर अंगणात उभे राहा आणि आभाळाकडे बघत बसा. थोड्या वेळाने एखादे विमान नक्की दिसेल. मुंबईहून नागपूर, रायपूर, कोलकात्याकडे जाणाऱ्या वाटेखालीच आपला जिल्हा येतो. आपल्याकडे प्रवासी विमानतळ नाही. जवळचे म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा, नाहीतर जळगाव. त्यामुळे आपल्याला विमान दिसते ते खडूच्या तुकड्याएवढे. त्याची घरघरसुद्धा मागाहून ऐकू येते.

पण त्या इवल्याशा ठिपक्यातला वैमानिक सतत जमिनीवरच्या माणसाच्या संपर्कात असतो, बरं का! या जमिनीवरच्या माणसाला म्हणतात हवाई वाहतूक नियंत्रक. कोणते विमान किती उंचीवरून, कोणत्या दिशेने, कोणाच्या मागे जाणार, हे तो सांगतो. दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही. हातवारे नाहीत, मान डोलावणे नाही. जे काही आहे ते फक्त आवाजावर. म्हणून या दोघांनी बोलण्याच्या काही रीती ठरवून घेतल्या आहेत आणि जगभर त्या पाळल्या जातात.

तुम्ही म्हणाल, बोलण्यात एवढे काय शिकायचे? थांबा, सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे या रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येते. बटण दाबायचे, बोलायचे, बटण सोडायचे आणि मग ऐकायचे. दोघांनी एकदम बटण दाबले तर दोघांचेही बोलणे बिघडते आणि नुसती कर्कश शिट्टी ऐकू येते. शिवाय त्या भागातली सगळी विमाने एकाच लहरीवर असतात. म्हणून पहिला नियम : आधी ऐका, दुसऱ्याचे पुरे होऊ द्या, मगच बोला. वर्गात बाई हेच सांगतात, नाही का?

दुसरा नियम : कोणाशी बोलता ते आधी सांगा, मग आपण कोण ते सांगा आणि मग काम सांगा. तेही थोडक्यात. भारतात पुष्कळ वैमानिक सुरुवातीला 'नमस्कार' म्हणतात. पण त्यापुढे गप्पा नाहीत.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. जे ऐकले ते परत म्हणून दाखवायचे! बोलणे इंग्रजीत चालते, आपण ते मराठीत बघू. इंडिगोच्या विमानांना रेडिओवर 'आयफ्लाय' म्हणतात. समजा, विमानाचा क्रमांक आहे २१५.

नियंत्रक : "आयफ्लाय दोन एक पाच, पातळी दोन चार शून्यपर्यंत उतरा."

वैमानिक : "पातळी दोन चार शून्यपर्यंत उतरतो, आयफ्लाय दोन एक पाच."

पातळी २४० म्हणजे साधारण २४,००० फूट. वैमानिक परत म्हणतो तेव्हा नियंत्रकाचे काम संपत नाही. त्याने कान देऊन ऐकायचे असते की आपण सांगितले तेच हा म्हणतोय ना? चुकले असेल तर लगेच दुरुस्त करायचे. म्हणजे सांगणाऱ्याने ऐकायचे आणि ऐकणाऱ्याने सांगायचे!

अशी पद्धत रेल्वेतही आहे. आपल्या मलकापूर, नांदुरा, शेगाववरून मुंबई-हावडा मार्ग जातो. रेल्वेच्या काही फाटकांवर अजूनही अशी रीत असते : स्टेशन मास्तर फाटकवाल्याला फोन करून सांगतात की गाडी येतेय, फाटक लाव. तो फाटक लावतो आणि "लावले" म्हणून मोकळा होत नाही. त्याच्याकडे छापील आकड्यांचा तक्ता असतो. त्यातला पुढचा आकडा तो फोनवर सांगतो आणि मास्तर तो वहीत लिहून घेतात. याला म्हणतात 'प्रायव्हेट नंबर'. तो मास्तरांना आधी ठाऊक नसतो. त्यामुळे निरोप खरोखर पोचला आणि काम झाले, याचा पुरावा वहीत राहतो.

नुसत्या 'बरं', 'ठीक', 'ओके'ने काय बिघडते? फार बिघडते, मित्रांनो. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावर दाट धुके होते. एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमाने होती; एक उड्डाणाच्या तयारीत आणि दुसरे त्याच पट्टीवरून हळूहळू पुढे येणारे. पहिल्या विमानाने कळवले की आम्ही आता उड्डाणाच्या जागी आहोत. नियंत्रकाला वाटले, ते तयार होऊन थांबले आहेत. प्रत्यक्षात त्यांची दौड सुरू झाली होती! नियंत्रक म्हणाला, "ओके", आणि पुढे म्हणाला की थांबा, मी सांगेन. नेमके त्याच क्षणी दुसऱ्या विमानानेही बटण दाबले. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले. पहिल्या वैमानिकाला धड ऐकू आले ते 'ओके', आणि पुढे शिट्टी. त्या टकरीत ५८३ माणसे गेली. तेव्हापासून नियम झाला की 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे. आणि महत्त्वाच्या सूचनेला नुसते 'ओके' चालणार नाही, सूचना परत म्हणायची.

आकड्यांचीही गंमत बघा. फोनवर कोणी भरभर 'एकोणसाठ' म्हटले की आपल्याला 'एकोणसत्तर' ऐकू येते. होते ना असे? इंग्रजीतही तोच घोळ. 'टू' म्हणजे दोन आणि 'टू' म्हणजे 'पर्यंत'सुद्धा! फेब्रुवारी १९८९ मध्ये मलेशियात क्वालालंपूरला एक मालवाहू जंबो उतरत होते. नियंत्रकाने सांगितले, 'टू फोर झीरो झीरो'पर्यंत या, म्हणजे २,४०० फूट. वैमानिकांनी पहिल्या 'टू'चा अर्थ 'पर्यंत' असा घेतला आणि उत्तर दिले, 'ओके, फोर झीरो झीरो', म्हणजे ४०० फूट. परत म्हणताना चूक झाली आणि नियंत्रकाच्या कानांतूनही ती निसटली. विमान टेकडीवर आदळले. आतले चौघेही दगावले. म्हणून अशी उंची 'टू थाउजंड फोर हंड्रेड' अशी सांगायची असते. आणि 'फाइव्ह' व 'नाइन' सारखे ऐकू येऊ नयेत म्हणून नऊला म्हणतात 'नायनर'!

अक्षरांचेही तसेच. बी, डी, पी, टी सगळे भाऊभाऊ. आपण कसे सांगतो, 'नळातला न की बाणातला ण?', 'पोटफोड्या ष घे' म्हणून? तसे वैमानिक ए ला अल्फा, बी ला ब्राव्हो, सी ला चार्ली म्हणतात. ही अक्षरमाला १९५६ पासून जगभर चालते. भारतातल्या विमानांवर सुरुवातीला 'व्हीटी' लिहिलेले असते. त्याचा उच्चार 'व्हिक्टर टँगो'.

आता आपल्याच देशातली गोष्ट. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून सौदी अरेबियाचे जंबो वर चढत होते. समोरून कझाकस्तानचे विमान दिल्लीकडे उतरत होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट तेव्हा एकच होती. नियंत्रकाने सौदी विमानाला १४,००० फुटांवर थांबवले आणि कझाक विमानाला १५,००० वर. मध्ये हजार फुटांचे अंतर. समोरून जंबो येतेय, हेही कझाक विमानाला सांगितले. त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे. इंग्रजी जेमतेम. सूचनेला उत्तर तर बरोबर मिळाले, पण विमान १५,००० वर थांबले नाही. खाली येत राहिले. दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर विमानांची उंची दिसत नव्हती. नियंत्रकाला विश्वास ठेवायचा होता तो शब्दांवरच. हरियाणातल्या चरखी दादरीजवळ आकाशात टक्कर झाली. दोन्ही विमानांतले सगळे, ३४९ जण, गेले.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाला काय आढळले? कझाक विमान परवानगी नसताना खाली आले. इंग्रजीचे अपुरे ज्ञान आणि आतल्या माणसांतला तुटका मेळ यांनी घोळ वाढवला. पाहिलेत ना, मित्रांनो? निरोप विमानात पोचला होता. तोंडाने परत म्हटलाही गेला होता. पण ज्याच्या हातात विमान होते, त्याच्या हातापर्यंत तो पोचला नाही!

यातून जग शिकले. भारताने येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या. टक्कर टाळण्याचा इशारा देणारे यंत्र विमानांत सक्तीचे केले. उंची दाखवणारी रडारे आली. आणि परदेशी उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांसाठी इंग्रजीची परीक्षा आली. तिच्या एक ते सहा अशा पायऱ्या आहेत आणि निदान चौथी गाठावीच लागते. या परीक्षेत फाडफाड बोलणे पुरत नाही. न समजलेली गोष्ट विचारून स्पष्ट करून घेता येते का, हेही बघतात.

त्यासाठी रेडिओवर सोपे शब्द ठरलेले आहेत. ऐकू आले नाही तर 'से अगेन', पुन्हा सांगा. जमणार नसेल तर 'अनेबल', शक्य नाही. जीवावरचे संकट असेल तर तीन वेळा 'मेडे', मग बाकीचे सगळे गप्प राहून त्याला वाट करून देतात. सिनेमात सारखे ऐकू येणारे 'रॉजर' म्हणजे 'हो' नव्हे! त्याचा अर्थ फक्त 'तुमचे सगळे बोलणे ऐकले'. आणि 'ओव्हर अँड आउट' तर साफ चूक. 'ओव्हर' म्हणजे माझे झाले, आता तुम्ही बोला. 'आउट' म्हणजे बोलणे संपले. दोन्ही एकदम कसे असेल?

आता या सगळ्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. हजारो तास उड्डाण केलेला वैमानिकसुद्धा 'पुन्हा सांगा' म्हणतो आणि कोणी त्याला हसत नाही. उलट न समजता 'हो' म्हणणे, हाच तिथे उद्धटपणा. कारण मागे दीडशे-दोनशे माणसे बसलेली असतात. आपल्या वर्गात मात्र उलटे! गणित कळले नाही तरी 'कळले का?' म्हटल्यावर सगळ्यांच्या माना हलतात. आई-बाबांनो, थोडे तुमच्याही कानावर घालतो : मूल 'मला समजलं नाही' म्हणाले तर रागावू नका. पुन्हा सांगा आणि त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या. औषधाची वेळ, एसटीचा फलाट, फोनवर सांगितलेला पत्ता, यांनाही हीच रीत लावून बघा.

आता एक खेळ. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचे. दोघांजवळ चौकटीची वही. एकाने नियंत्रक व्हायचे आणि सांगायचे, 'उजवीकडे तीन घरे, वर दोन घरे.' दुसऱ्याने आधी परत म्हणायचे, मगच रेघ ओढायची. दहा सूचनांनंतर दोन्ही चित्रे ताडून बघा. मग परत न म्हणता खेळा आणि पुन्हा ताडा. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल!

आणि कोणाला खरेच नियंत्रक व्हायचे असेल तर गणित आणि भौतिकशास्त्र पक्के करा. विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी घेऊन भारतीय विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा देता येते. प्राधिकरणाची एक प्रशिक्षण संस्था आपल्या विदर्भातच आहे, गोंदियाला!

पुढच्या आठवड्यात नव्या विषयासह भेटू. तोपर्यंत... आउट!