जाळ्यात गुदमरणारे पाणमांजर

डॉल्फिन राहतो समुद्रात, पण श्वास हवेतला घेतो. म्हणून जाळ्यात अडकला की बुडून मरतो. अशा प्राण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजारांपर्यंत भरपाई द्यायचे शासनाने २०१८ साली ठरवले. नागपूरकडे समुद्र नाही, पण पेंच, नवेगावबांधच्या पाण्यात पाणमांजर आहे (उदमांजर नव्हे, ते झाडावरचे). त्याचीही गत तीच. तोतलाडोह जलाशय राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे मासेमारीला बंदी; तरी रात्री चोरून जाळी पडतात.

आता आपल्या शिवाराचे बोलू. उन्हाळ्यात नाल्याच्या डोहात फवारणीचे औषध ओतून मासे धरणारे आहेतच. त्यात पाणमांजर तर मरतेच, पण त्याच डोहावर तुमचे बैल पाणी पितात आणि ते मासे तुमच्याच पोरांच्या ताटात येतात. तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणे त्याहून वाईट. त्यात धरणाराही मरतो. औषध कुलपात ठेवा, मागायला आलेल्याला देऊ नका. काठावर माशांच्या खवल्यांची विष्ठा दिसली, तर तिथे पाणमांजर आहे असे समजा आणि जाळे रात्रभर सोडून जाऊ नका. अडकलेले दिसल्यास वनखात्याला १९२६ वर कळवा. हात घालू नका, कडकडून चावते ते!