बापालाही बैठकीला बोलवा, पण त्याचा खाडा कापू नका

दर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह साजरा होतो. आशाताई सांगतात: तासाभरात बाळाला छातीशी घ्या, चीक फेकू नका, सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. सगळं खरं. पण ऐकायला समोर फक्त बायाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात तासाभरात दूध मिळालेली बाळं ४१.८ टक्केच आहेत. दोष मात्र आईच्या माथी.

बाप कुठे असतो? मी ऊसतोड मजुरांच्या घरातली. फडात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. बाई बाळाला पाजायला बसली की मोळ्या कमी भरतात. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, उचल फिटत नाही. अशा वेळी ‘लवकर आटप’ म्हणणाऱ्या बापाला अडाणी ठरवणं सोपं आहे. भूमिहीन दलित, भटक्या-विमुक्तांना अज्ञानी म्हणायचं आणि त्यांच्या मजुरीबद्दल गप्प बसायचं, हे आरोग्यशिक्षण नव्हे, हा जातीचा जुना चष्मा आहे.

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. फडावरच्या, वीटभट्टीवरच्या बापाला एक दिवसही नाही. बाळंतिणीची विश्रांती देशाच्या हिताची आहे आणि तिचा भार सरकारने उचलावा, असं बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात मांडलं होतं. ती मागणी आज बापासाठीही करायला हवी.

म्हणून आपले पुरुष सुटत नाहीत. पाणी भरणं, भाकरी थापणं, थोरल्या लेकराला सांभाळणं, ‘दूध पुरत नाही, डबा आण’ म्हणणाऱ्यांना थांबवणं, याला रजा लागत नाही. आई सांगते, माझ्या वेळी वडील पहाटे अंधारातच पाणी भरायचे, कोपीवरचे गडी हसतील म्हणून.

बैठका संध्याकाळी, कामावरून परतल्यावर, कोपीवर आणि मजूर अड्ड्यावर घ्या. पुरुषांना समोर बसवा. आणि दोघांच्याही बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या.

आणि घरातल्या पहिल्या पदवीधरांनो, भाषणात समता बोलतो, मग बाळाची दुपटी कोण धुतं? रजेचा अर्ज करताना लाजू नका. वडिलांनी अंधारात केलेलं काम आपण उजेडात करू.

जय भीम.