खिशातला वाटाड्या आणि पेडण्याचा अनुस्वार

पूर्वी बडोद्याची मराठी मंडळी गोव्यात देवदर्शनाला निघाली म्हणजे पंधरा दिवस आधी पुजाऱ्यांना कार्ड जाई, आगगाडीचे वेळापत्रक धुंडाळले जाई आणि ट्रंकेत कपड्यांखाली एक वही ठेवली जाई. कोठे उतरायचे, होडी कोठे मिळते, कोणाचे नाव सांगितले म्हणजे गावात दार उघडते, हे सारे त्या वहीत असे. वडिलांच्या हातची वही मुलाकडे येई, मुलगा तिच्यात दोन ओळींची भर घाली. आता ती वही गेली. तिचे काम आपण मोबाईलवर सोपवले आणि मोकळे झालो. निदान तसे आपल्याला वाटते.

डिसेंबर २०२४ मधील एक प्रसंग वाचकांच्या स्मरणात असेल. बिहारमधून मोटारीने गोव्याला निघालेले एक कुटुंब फोनच्या नकाशावर विसंबून बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात शिरले. रात्र पडली, रस्ता संपल्यासारखा झाला आणि फोनची रेंजही गेली. रात्र त्यांनी जंगलातच काढली. सकाळी काही किलोमीटर पायी गेल्यावर रेंज मिळाली, ११२ क्रमांकावर फोन लागला आणि पोलीस मदतीला आले. जीव वाचले हे थोर. पण खानापूर म्हणजे काही निर्जन मुलूख नव्हे. जंगलात वळण्यापूर्वी शेवटच्या गावातल्या दुकानदाराला विचारले असते, तर त्याने मराठीत, कानडीत, मोडक्या हिंदीतसुद्धा वाट सांगितली असती. नकाशा हातात असल्यामुळे विचारण्याची गरजच कोणाला वाटली नाही.

या प्रकारात यंत्राला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आमचे मत थोडे निराळे आहे. फोनमध्ये वाट दाखवण्याची दोन कामे वेगवेगळी चालतात आणि ती वेगळी आहेत हे बहुतेकांना कोणी सांगितलेलेच नसते. आपण कोठे उभे आहो हे फोनला उपग्रहांकडून कळते. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून निदान चार उपग्रहांचे संकेत आले की फोन आपली जागा काढतो. त्याला रेंज लागत नाही, पैसा पडत नाही. परंतु त्या जागेभोवतीचे चित्र, म्हणजे रस्ते, नद्या, गावांची नावे, हे मात्र बहुधा इंटरनेटवरून तुकड्यातुकड्याने येत असते. रेंज गेली की ठिपका राहतो आणि नकाशा पांढरा पडतो. यावर उपाय घरबसल्या करता येतो. निघण्यापूर्वी उत्तर गोव्याचा आणि वाटेतल्या जिल्ह्यांचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड यांसारखी साधने तर रस्त्याचा हिशेबही फोनमध्येच करतात, त्यांना बाहेरून काही विचारावे लागत नाही. चोर्ला घाट उतरून साखळीला येणाऱ्यांनी किंवा दोडामार्गावरून डिचोली गाठणाऱ्यांनी हे जरूर करावे. नातवाला सांगितले तर पाच मिनिटांचे काम आहे. पण नातू करत असता शेजारी बसून पाहावे, कारण घाटात नातू बरोबर असेलच असे नाही.

सीमेचा विषय निघालाच आहे म्हणून एक गंमत सांगतो. दूरसंचाराच्या विभागणीत मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा हे एकाच सर्कलमध्ये येतात. सावंतवाडीचा फोन पत्रादेवी ओलांडून पेडण्यात शिरला तरी त्याच्या लेखी तो आपल्याच घरात असतो. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले. पेडणे-डिचोली भागाचा ओढा तेव्हा विलीनीकरणाकडे होता. मतपेटीने जे नाकारले ते टेलिफोनच्या खात्याने कोणालाही न विचारता करून टाकले आणि त्याबद्दल कोणी मोर्चा काढल्याचेही आमच्या ऐकिवात नाही.

असो. खरी अडचण रेंजची नाही, नावांची आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही आत्याला घेऊन गोव्याला गेलो. आत्याचे आजोळ पेडणे तालुक्यातले कासारवर्णे. लहानपणी दोन सुट्ट्या तिने तेथे काढल्या, पुढे बडोद्यात दिली आणि येथलीच झाली. थिवीला उतरून आधी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे दर्शन, मग पेडणे, असा बेत होता. गाडीत बसल्यावर आत्याने मोठ्या उत्साहाने आपल्या फोनवर देवनागरीत गावाचे नाव लिहिले. फोनने भलतीच गावे पुढे केली. आम्ही रोमन अक्षरांत सरकारी स्पेलिंग घातले, तेव्हा गाव सापडले आणि फोनमधली बाई मोठ्या स्वच्छ आवाजात ‘कासरवरनेम’ म्हणाली. आत्याने विचारले, ‘हे कुठलं रे गाव?’

हा शेवटचा ‘म’ कोठून आला, हे सांगण्याजोगे आहे. पोर्तुगीज लेखनात शब्दाच्या शेवटी येणारा ‘एम’ हे अक्षर ‘म’ म्हणून उच्चारत नाहीत. त्याच्या आधीचा स्वर नाकात म्हणायचा, एवढीच ती खूण आहे. आपल्याकडे जुन्या लेखनात पुणें, ठाणें, पेडणें असे अनुस्वार देत, तेच काम तो करतो. पोर्तुगीज कारकुनाने लोकांच्या तोंडून ‘पेडणें’ ऐकले. त्याच्या भाषेत ‘ड’ नव्हता, त्याला जवळचा ‘र’ त्याने लिहिला, आणि शेवटच्या नाकातल्या स्वरासाठी ‘एम’ ठेवला. मांद्रें, पार्सें, तुयें, मयें ही सगळी गावे याच रीतीने दप्तरात गेली. पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला, डिचोली त्याच्या काही वर्षे आधी. १९६१ साली पोर्तुगीज गेले. स्पेलिंग राहिले, आणि ते वाचणारे मात्र इंग्रजी वळणाचे आले. त्यांनी ‘म’चा खणखणीत उच्चार सुरू केला. फोन त्यांचाच शिष्य.

यात आणखी एक मौज आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. पुणेंचे पुणे झाले, पेडणेंचे पेडणे झाले. नियम सोयीचा होता, मुलांचे गुण वाचले, आम्हीही तो पाळतो. परंतु कोकणच्या बोलीत तो स्वर अजून नाकातूनच निघतो. म्हणजे आपण जो अनुस्वार टाकून दिला तो परक्या राज्यकर्त्यांच्या स्पेलिंगमध्ये सुखरूप राहिला आहे आणि आपल्यालाच ओळखू येईनासा झाला आहे.

नार्व्याचा घोटाळा तर निराळ्याच जातीचा. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडी बेटावरचे नार्वे. ते देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला आणला गेला आणि गावाचे नावही त्याच्याबरोबर आले. तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करवला, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण एकाच नावाची दोन ठिकाणे नदीच्या दोन तीरांवर आहेत हे ठाऊक नसते. फोन रोमन स्पेलिंगप्रमाणे कधी एक दाखवतो, कधी दुसरे. मध्ये मांडवीचे पाणी आणि फेरीबोट. फेरीबोट नकाशावर रेषेसारखी दिसते. ती पलीकडच्या काठाला उभी आहे की आपल्या, हे रेषेवरून कळत नाही. केरीहून तेरेखोलला जाणाऱ्यांनाही हाच अनुभव येईल. तेव्हा फेरीच्या वेळा किनाऱ्यावरच्या माणसालाच विचाराव्यात.

आता पेडण्याकडे वळू. या तालुक्यात मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. त्यासाठी मोपा आणि आसपासच्या गावांची जमीन गेली, त्यात कासारवर्णेही आहे. ज्यांची जमीन गेली त्यांच्या मुलांना विमानतळावर टॅक्सीचा तरी धंदा मिळावा, ही मागणी ओघानेच आली. आणि तेथे गाठ पडली ती पुन्हा या खिशातल्या यंत्राशी. गोव्यात २०१८ साली पर्यटन विकास महामंडळाच्या आश्रयाने गोवा माईल्स ही फोनवरून टॅक्सी मागवण्याची सेवा सुरू झाली. टॅक्सीवाल्यांचा तिला विरोध होता आणि आहे. २०२५ साली सरकारने अशा सेवांसाठी नियमांचा मसुदा काढला, तेव्हा विरोधाचा मोठा गदारोळ उठला.

बाहेरून येणाऱ्याचे म्हणणे खोटे नाही. रात्री मुलाबाळांसह उतरल्यावर भाडे आधी कळावे, घासाघीस करावी लागू नये, ही अपेक्षा वाजवी आहे. भाड्याच्या बाबतीत गोव्याच्या टॅक्सीधंद्याची कीर्ती चांगली नाही, हे तेथील मंडळीही खासगीत कबूल करतात. परंतु टॅक्सीवाल्याचे भय भाड्याइतकेच आणखी एका गोष्टीचे आहे. परमुलखातला ड्रायव्हर नकाशाच्या आधाराने त्याच्या गावात गाडी हाकू लागला की गावाची माहिती हे जे त्याचे भांडवल, ते मातीमोल होते. आम्हाला हा झगडा केवळ हट्टाचा वाटत नाही. पुरवलेली माहिती पुरती खरी असती तर त्याचे भांडवल केव्हाच बुडाले असते. ते अजून बुडाले नाही, याला कारण नकाशातली भोके.

आमचाच अनुभव पाहा. फोनच्या मते आम्ही कासारवर्ण्याला ‘पोहोचलो’ होतो आणि तेथे एक वळण, दोन माड व वीजमंडळाचा खांब यांखेरीज काही नव्हते. आमचा ड्रायव्हर पेडण्याचाच होता. त्याने फोनकडे पाहिलेही नाही. आत्याला विचारले, ‘आजी, कोणाकडे जायचं तुम्हाला?’ आत्याने आजोबांचे नाव सांगितले, घरामागे फणस होता, पुढे घाटी उतरून झरीला जात असू, असे सांगितले. फणस आता नाही, पण झर त्याला ठाऊक होती. दहा मिनिटांत आम्ही दारात होतो. घर दुसऱ्यांचे झाले आहे. त्यांनी चहा दिला.

मग आपण करावे काय? फोन गुंडाळून ठेवा असे आम्ही म्हणणार नाही. उलट तो जरा अधिक हाताळावा, उलटसुलट करून पाहावा, असेच सांगू. घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोन मुलांनी घाईने इंग्रजीत लावून दिलेले असतात. सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा मराठी करावी, अक्षर मोठे करावे, कळफलकात देवनागरी घालावी. कुलूप न उघडता दिसेल अशा जागी घरच्याचा क्रमांक, रक्तगट आणि चालू औषधे लिहिण्याची सोय बहुतेक फोनांत आहे, ती भरावी. डिचोली तालुक्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत मे २०२५ मध्ये चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. अशा गर्दीत फोन लागेलच याची खात्री नसते. तेव्हा बरोबरच्या म्हाताऱ्या माणसाच्या खिशात कागदाची चिठ्ठीही असू द्यावी. चिठ्ठीला बॅटरी लागत नाही.

आणि नकाशातली भोके बुजवणे हेही आपल्या हातात आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा कोणा कंपनीच्या मालकीचा नाही. नाव नोंदवून कोणालाही त्यात भर घालता येते. त्यात एका गावासमोर निरनिराळ्या भाषांतल्या नावांसाठी वेगळे रकाने असतात. मराठीचा रकाना भरला म्हणून कोकणीचा जात नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून गोव्यात ज्या वादावर इतकी शाई आणि इतके आवाज खर्ची पडले, तो वाद तेथे पाटीवर जागा कमी म्हणून तरी होत नाही. बडोदेकरांना ही रीत नवी वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९३१ साली प्रसिद्ध करवलेल्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’त एका इंग्रजी संज्ञेसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे शब्द ओळीने मांडले होते. कोशकारांना त्यात वर्षे घालवावी लागली. आपल्याला एका गावासाठी एक संध्याकाळ पुरते. अट एवढीच की आपल्याला जे प्रत्यक्ष ठाऊक आहे तेवढेच लिहावे आणि गावच्या माणसाला विचारून लिहावे. ऐकीव नावे घालून नवा घोटाळा करू नये.

परत आल्यावर आम्ही आत्याच्या खुर्चीशेजारी बसून कासारवर्ण्याचे मराठी नाव त्या नकाशात घातले. दुसऱ्या दिवशी तिला तिच्या फोनवर दाखवले. तिने चष्मा लावला, अक्षर दोन बोटांनी मोठे केले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, ‘अरे, शेवटचा अनुस्वार राहिला की.’