रुईला पंधरा दिवसांची मुदत

मे महिन्यात लेक माहेरी आली की घर भरून जाते. पण मुलांची दुपार मोबाईलमध्ये जाते. म्हणून यंदा नेम केला. असरची नमाज झाली, ऊन उतरले, की नातीला घेऊन घरामागच्या पडीक जागेत जायचे.

पहिल्या दिवशी मला वाळलेले गवत आणि कुंपणाची रुई एवढेच दिसले. बाकीचे नातीने दाखवले. मोरीचे पाणी जिरते तिथे एकदांडी फुलली होती. मध्ये पिवळे, कडेला पांढरे असे ते इवलेसे फूल. नीट पाहिले तर तो अनेक बारीक फुलांचा गुच्छच. त्यावर नखाएवढी निळसर फुलपाखरे. भिंतीच्या आडोशाला भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे खड्डे होते. एक मुंगी कडेवरून घसरली, तर तळाशी दडलेल्या किड्याने माती उडवून तिला खाली पाडले. अन-नम्ल म्हणजे मुंगी, अन-नहल म्हणजे मधमाशी, हे नातीला मदरशात शिकवलेले. मुंगी मात्र तिने इतक्या जवळून प्रथमच पाहिली.

पावसाआधी कुंपण साफ करायला तिच्या नानांनी माणूस बोलावला होता. त्याने कोयता उचलला आणि नात ओरडली, "नाना, थांबवा त्यांना! पानावर कुणीतरी आहे!"

काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या होत्या. रुईचा चीक विषारी. ही अळी तीच पाने खाते, ते विष अंगात साठवते आणि त्यामुळे पक्ष्यांपासून बचावते. पुढे तिचेच केशरी फुलपाखरू होते. नाना म्हणाले, "बरं, रुईला पंधरा दिवसांची मुदत."

तेव्हा शेजारी उभी असलेली लेक हळूच म्हणाली, "अम्मी, लहानपणी मीही अशीच अळी घरात आणली होती. 'घाण आहे' म्हणत तू माझे हात खसाखसा धुतले होतेस."

मला ते आठवतही नव्हते. ती विसरली नव्हती.

दोन दिवसांत एका अळीने पानाखाली हिरवा कोष केला. पुढच्या आठवड्यात एका सकाळी तो रिकामा होता आणि शेजारी फुलपाखरू पंख वाळवत बसले होते. तिघीही उकिडव्या बसून पाहत राहिलो. मुदत संपली, तरी कोपऱ्यातली रुई नानांनी राहू दिली आहे.

भगिनींनो, मुलांबरोबर रोज पंधरा मिनिटे बाहेर बसा. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, घरी आल्यावर हात जरूर धुवा. फक्त, "घाण आहे" म्हणू नका.