दोष पाण्यात नाही, पुरवठ्यात आहे

‘नळाचं पाणी आता कोण पितं?’ मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत हा प्रश्न उत्तराची वाट न पाहता विचारला जातो. भिंतीवर आरओचं यंत्र, पाहुण्यांपुढे बाटली. पाणी मुळातच खराब आहे, महापालिकेच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, ज्याला परवडतं त्याने आपली सोय आपण करावी, असं हे म्हणणं आहे. ते चूक आहे आणि त्याने शहराचं नुकसान होतं आहे.

आधी पाणी मुळात कसं आहे ते पाहू. 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी शहरात आलं, 2014 मध्ये मध्य वैतरणा धरण पूर्ण झालं आणि आज सात तलावांतून रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी मुंबईला मिळतं. यातले बहुतेक तलाव शहरापासून दूर, ठाणे-पालघर-नाशिकच्या डोंगरझाडीत आहेत. (त्यांच्याच परिसरात, शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. तो स्वतंत्र विषय आहे, पण मुंबईकराने तो विसरू नये.) भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत या पाण्यातला गाळ रसायनाने खाली बसवतात, मग ते वाळूच्या थरांतून गाळतात आणि त्यात क्लोरीन मिसळतात. तिथून निघणारं पाणी पिण्यायोग्य असतं.

मग आरओ कशासाठी? हे यंत्र मुख्यतः पाण्यातले विरघळलेले क्षार काढण्यासाठी आहे. बोअरच्या खाऱ्या पाण्याला ते हवं. मुंबईचं पाणी पावसाचं, तलावात साठलेलं, क्षारांचं प्रमाण मुळातच कमी असलेलं. लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथे आरओला बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच सांगितलं होतं. शिवाय एक लिटर पाणी देताना घरगुती यंत्र बहुधा दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. जंतू हे कारण असेल, तर पाणी उकळून भागतं. ‘औषधाचा वास येतो’ म्हणून जो क्लोरीन नकोसा वाटतो, तो नळापर्यंत थोडा शिल्लक राहावा म्हणून मुद्दाम घातलेला असतो. आरोग्यसेविका काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकते. पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन शिल्लक आहे आणि पांढरंच राहिलं, तर काळजीचं कारण आहे. आरओतला कोळसा तो क्लोरीन काढून टाकतो आणि पुढे यंत्राच्या टाकीत तेच पाणी कोणत्याही राखणीविना साठून राहतं.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. भारतीय मानक ब्युरोच्या 2019 च्या तपासणीत मुंबईचे दहाही नमुने उत्तीर्ण झाले आणि दिल्लीचे नापास झाले, हे ते अभिमानाने सांगतात. निकाल खरा आहे आणि अभिमानही रास्त आहे. पण कोटीभराहून अधिक वस्तीच्या शहरात दहा नमुन्यांवरून तुमच्या गल्लीतल्या नळाचं काहीच कळत नाही. गोवंडीत किंवा मालवणीत पावसाळ्यात गढूळ पाणी भरणाऱ्या बाईला तो निकाल ऐकवून गप्प करता येणार नाही.

तिच्या नळाला गढूळ पाणी येतं त्याचं कारण भांडुपमध्ये नाही. मुंबईत बहुतेक भागांना ठरलेले काही तासच पाणी मिळतं. चावीवाला येतो, झडप फिरवतो, पाणी सुटतं. तास संपले की झडप बंद. जलवाहिनीला भेग असेल, तर पाणी चालू असताना ते दाबाने बाहेर गळतं. पाणी बंद झालं की वाहिनीतला दाब जातो आणि त्याच भेगेतून बाहेरची घाण आत येते. वस्त्यांमध्ये घरोघरी गेलेल्या बोटभर जाडीच्या नळ्या उघड्या गटारातूनच टाकलेल्या दिसतात. त्यात कुणी लाइनीला थेट मोटर लावली, तर ती ही घाण आणखी जोराने ओढून घेते. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली बादली सांडून द्यायची हे तिथे पोरांनाही ठाऊक असतं. इमारतींत पाणी मीटर ओलांडून जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि तिथून पुढे ते सोसायटीच्या हाती असतं. पार्किंगमधलं टाकीचं झाकण जमिनीशी सपाट असतं, पावसात त्यावरून पाणी वाहतं आणि टाकी शेवटची कधी धुतली याची नोंद अनेकदा सेक्रेटरीकडेही नसते.

पाण्याची हेळसांड कुठवर जाते ते 2025 च्या जानेवारीत पुण्याने पाहिलं. सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी परिसरात गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढत गेले आणि जिल्ह्यातल्या संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. संशय दूषित पाण्यावर होता. ही गावं महापालिकेत आली, पण शहरासारखं शुद्धीकरण तिथवर पोहोचलं नव्हतं. खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर असून उपयोग झाला नाही.

तेव्हा मागणी करायची ती चोवीस तास दाबाने पाण्याची. वाहिनी सतत भरलेली राहिली, तर बाहेरचं आत येत नाही. ‘चोवीस तास दिलं तर लोक उधळतील, आणि तेवढं पाणी आहे कुठे?’ हा आक्षेप ठरलेला. कराडला खेटून असलेल्या मलकापूरने दीड दशकापूर्वीच मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे. तास ठरलेले असतात म्हणून लोक पिंपं भरून ठेवतात आणि नवं पाणी आलं की कालचं ओतून देतात. ओडिशाच्या पुरी शहरात 2021 पासून थेट नळाचं पाणी पिण्याची योजना आहे. मुंबईचा आवाका मोठा आहे हे मान्य; मुलुंड आणि वांद्रे पश्चिममध्ये हाती घेतलेला चोवीस तास पाण्याचा प्रयोग तडीस गेला नाही, हेही खरं. पण म्हणून तो सोडून द्यायचा नसतो.

पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि 2000 नंतरच्या झोपड्यांनाही ते नाकारता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं. ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण यायला 2022 उजाडलं. जोडणी नसलेलं कुटुंब आजही हंडा विकत घेतं आणि हजार लिटरला दहा रुपयांहूनही कमी असलेल्या पालिकेच्या दराच्या कित्येक पट मोजतं. बाटलीच्या एका लिटरला वीस रुपये देणारा वर्ग मात्र या भांडणातून बाहेर पडला आहे. ज्याचं ऐकलं जातं तोच गप्प बसला, तर गटारातली नळी बदलायची निविदा निघणार कुणाच्या दबावाने? प्रत्येक विभाग कार्यालयाबाहेर दर महिन्याला नमुन्यांचा निकाल लागला पाहिजे आणि नापास झालेला नमुना कोणत्या गल्लीतला, ती वाहिनी कधी बदलणार, हेही त्यावर लिहिलेलं असलं पाहिजे.