रंगमंच आणि रस्ता

उत्सवाचा अर्थ त्याच्या नावात असतो, त्याहून अधिक तो त्याच्या जागेत असतो. देव्हाऱ्यातला गणपती आणि चौकातला गणपती यांची मूर्ती एकच. तरी १८९३ नंतर महाराष्ट्राने त्या दोहोंतला फरक चांगला ओळखला. घरातली पूजा कुटुंबाची असते. चौकात आली की ती ‘सार्वजनिक’ होते आणि शेजाऱ्याला, विरोधकाला, राज्यकर्त्यालाही काही सांगू लागते. समलिंगी, तृतीयपंथी आणि लिंगभावाच्या रूढ चौकटीबाहेर जगणाऱ्या माणसांच्या ‘प्राइड’ या सोहळ्याविषयी जी चर्चा चालते, तीत नेमका हा जागेचा प्रश्न गाळला जातो. ध्वज, संगीत, प्रायोजक, प्रमुख पाहुणे यांचा विचार तपशिलाने होतो. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार आणि तो रस्ता कोणाचा, हा विचार शेवटच्या बैठकीवर ढकलला जातो. सोहळ्याचा अर्थ मात्र तेथेच ठरत असतो.

या प्रश्नाची कसोटी पाहण्यासाठी छत्तीसगडच्या नव्या राजधानीइतके योग्य स्थळ शोधून सापडणार नाही. १ नोव्हेंबर २००० रोजी हे राज्य जन्मास आले आणि जुन्या रायपूरपासून सुमारे २० किलोमीटरवर, शेतजमिनीवर, नवा रायपूर आखला गेला. २०१८ मध्ये त्याला अटलनगर हे नाव जोडले गेले. रुंद, सरळ रस्ते, क्रमांकांनी ओळखली जाणारी सेक्टरे, महानदी भवनातले मंत्रालय, हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ, भारतीय व्यवस्थापन संस्था: सारे काही नकाशाबरहुकूम. या नकाशात निषेधालाही एक जागा नेमून दिलेली आहे. जुन्या शहरात बूढा तलावाकाठी धरणी बसत, तेव्हा बाजाराला निघालेला माणूस थबकून विचारी, की ही माणसे कशासाठी बसली आहेत? आता धरण्याची जागा नव्या रायपुरातील तूता येथे आहे. तेथे बसण्याची मुभा आहे. थबकणारा वाटसरू तेवढा नाही. ज्यांच्या जमिनींवर ही राजधानी उभी राहिली, त्या गावांतल्या शेतकऱ्यांना २०२२ साली आपल्या मागण्यांसाठी दीर्घकाळ धरणे धरावे लागले, हेही या नकाशाचेच एक टिपण आहे. अशा शहरात कोणी अभिमानाचा सोहळा योजू लागला, तर त्याला पहिला प्रश्न हाच पडला पाहिजे, की बघायला कोण असेल?

हा प्रदेश मराठी वाचकाला परका नाही. १८५४ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले; गजानन माधव मुक्तिबोध राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवीत असत. येथल्या लोकजीवनाशी महाराष्ट्राचे याहूनही जवळचे एक साम्य आहे, आणि ते फारसे भूषणावह नाही. छत्तीसगडचा ‘नाचा’ आणि महाराष्ट्राचा तमाशा या दोन्ही लोककलांनी स्त्रीवेषधारी पुरुषाला मानाने रंगमंचावर बोलावले. नाचातली ‘परी’ रात्रभर गावाला खिळवून ठेवते. रायपुरात १९२३ साली जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनी याच नाचाच्या कलावंतांना घेऊन ‘चरणदास चोर’ उभे केले आणि १९८२ मध्ये ते एडिंबरोपर्यंत नेऊन गाजवले. इकडे बालगंधर्वांच्या लुगड्याची नेसण घरंदाज स्त्रिया गिरवीत होत्या. यावरून असा निष्कर्ष काढला जातो, की भारतीय समाज मुळात उदार होता, लिंगभावाच्या सीमा ओलांडणाऱ्यांना त्याने कधी नाकारले नाही, म्हणून पदयात्रांचे हे खूळ अनावश्यक आहे.

हा निष्कर्ष पुराव्याच्या अर्ध्या भागावर उभा आहे. उरलेला अर्धा भाग आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ने सांगितला आहे. पिळदार देहाचा गुणा कलेच्या ध्यासापायी नाच्या होतो; फडात त्याला टाळ्या मिळतात आणि फडाबाहेर हेटाळणी नि हिंसा. टाळी देणारे हात आणि ओरबाडणारे हात एकाच समाजाचे असतात. समाजाने या माणसांना मंच दिला, तो दिवे मालवेपर्यंत. बारशाला आशीर्वाद द्यायला त्यांना उंबरठ्यापर्यंत येऊ दिले. भाड्याने खोली मागताच दार लावून घेतले. ज्याला सहिष्णुता म्हणून मिरवले जाते, ती वस्तुतः वेळेची आणि जागेची वाटणी होती: रात्र तुमची, दिवस आमचा, मंच तुमचा, रस्ता आमचा. प्राइडची पदयात्रा ही वाटणी नाकारते. दिवसाउजेडी, भर रस्त्यातून, कोणाचे मनोरंजन न करता चालत जाणे, एवढाच तिचा मूळ आशय आहे.

पहिला आक्षेप परकेपणाचा. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या मद्यगृहात २८ जून १९६९ रोजी पोलिसांच्या धाडीला प्रतिकार झाला आणि पुढल्या वर्षी त्याच दिवशी तिथल्या रस्त्यांवरून पहिली मोठी मिरवणूक निघाली, हे खरे आहे. परंतु मेच्या पहिल्या तारखेचा कामगारदिन शिकागोहून आला, म्हणून गिरणगावातल्या कामगाराचा घाम परदेशी ठरला नाही. २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात पिवळे सदरे घालून जे पंधरा जण चालले, त्यांनी आपल्या चालण्याला ‘मैत्रीची पदयात्रा’ असे नाव दिले होते. मुंबईची मोठी पदयात्रा २००८ साली ऑगस्टात निघाली, आणि ‘आझादी’ हा शब्द तिने स्वातंत्र्यदिनाच्या शेजारून उचलला. पुढे मुंबईने हिवाळ्याचा शेवट निवडला, दिल्लीने नोव्हेंबर. उन्हापावसाच्या हिशेबाने बदललेल्या या तारखाच सांगतात, की या सोहळ्याने इथले हवामान मानले आहे आणि इथला इतिहासही.

दुसरा आक्षेप सभ्यतेच्या भाषेत येतो: खाजगी गोष्ट चव्हाट्यावर कशाला? या प्रश्नाला महाराष्ट्राने फार पूर्वीच उत्तर दिले आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जे लोक गेले, ते तहान लागली म्हणून गेले नव्हते. पाणी पिणे ही अत्यंत खाजगी क्रिया. परंतु ती कोठे करता येईल हे समाज ठरवीत असल्याने ती सार्वजनिक प्रश्न झाली होती. त्याच वर्षी र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. वाचकांच्या लैंगिक शंकांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्या शंकाही होत्या, उत्तरे छापल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. परंतु तळ्यासाठी लढणारा माणूस या खटल्यातही उभा राहिला, यात मोठी संगती आहे. ज्या गोष्टीसाठी माणसाला शिक्षा होते, नोकरी जाते, घर सुटते, ती गोष्ट ‘खाजगी’ म्हणण्याचा अधिकार शिक्षा करणाऱ्याला उरत नाही.

तिसरा आक्षेप अधिक चतुर आहे. कायद्याने आता सर्व दिले, मग मिरवणूक कशाला? न्यायालयांचा क्रम पाहिला म्हणजे या आक्षेपाचे बळ कळते. भारतीय दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाचा फास दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सैल केला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये तो पुन्हा आवळला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरता सोडवला. मधल्या काळात, १५ एप्रिल २०१४ रोजी, त्याच न्यायालयाने तृतीयपंथीयांना आपले लिंग स्वतः सांगण्याचा अधिकार मान्य केला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास त्याने नकार दिला. चौदा वर्षांत जे हक्क आले, गेले, पुन्हा आले आणि अर्धेच राहिले, ते ‘दिलेले’ आहेत असे म्हणणे धाडसाचे आहे. रस्त्यावरची उपस्थिती ही अशा हक्कांची राखण असते.

छत्तीसगडनेच याचे दाखले दिले आहेत. अखंड मध्य प्रदेशात कटनीच्या महापौरपदी कमला जान निवडून आल्या. जागा स्त्रियांसाठी राखीव, आणि न्यायालयाने त्यांना पुरुष ठरवून निवड रद्द केली. जानेवारी २०१५ मध्ये रायगडच्या मतदारांनी नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या मधू किन्नर यांना अपक्ष म्हणून साडेचार हजारांवर मताधिक्याने महापौर केले. २०२१ मध्ये छत्तीसगड पोलीस दलात तेरा तृतीयपंथी उमेदवारांची शिपाई म्हणून निवड झाली. २०२२ मध्ये ‘बस्तर फायटर्स’ या दलात आणखी नऊ जण आले. ज्यांना पोलीस रस्त्यावरून हाकलीत, ते आज रस्त्याचा बंदोबस्त करतात. मंचावरून रस्त्यावर येण्याचा अर्थ याहून ठळकपणे सांगता येणार नाही.

येथे ‘अभिमान’ या शब्दाविषयी थोडे बोलणे अवश्य आहे. संतांच्या मराठीत अभिमान हा टाकून देण्याचा विकार आहे. तो अहंकाराचा सख्खा भाऊ. त्यामुळे ‘कशाचा अभिमान?’ असे कुत्सितपणे विचारणे सोपे जाते. परंतु ज्याच्यापाशी ‘मी’ म्हणण्याचीच सोय ठेवलेली नाही, त्याला अहंकार सोडण्याचा उपदेश करणे हा उपदेशाचा विपर्यास होय. लाज ही बाहेरून लादलेली असेल, तर तिच्या उलट असणारा शब्द अहंकार नसतो, स्वाभिमान असतो. दलित चळवळीने हा भेद मराठीत रुजवला आहे. प्राइडला नवा शब्द शोधण्याची गरज नाही.

विरोधकांची गोष्ट झाली. परंतु या सोहळ्याला आज अधिक धोका हितचिंतकांकडून आहे. जून लागला की कंपन्यांच्या बोधचिन्हांवर इंद्रधनुष्य उमटते आणि जुलै लागला की पुसले जाते. वातानुकूलित सभागृहात ‘समावेशकता’ या विषयावर परिसंवाद होतो, चार तृतीयपंथी कलावंतांना नाचायला बोलावले जाते, पाहुण्यांना रोपटे दिले जाते आणि छायाचित्र निघते. या सोहळ्याचा आराखडा तपासला तर तो जुनाच निघतो: मंच तुमचा, दिवे मालवेपर्यंत. विद्यापीठाच्या फाटकाआड, सुरक्षारक्षकांच्या पहाऱ्यात, परिचयपत्र दाखवून आत आलेल्यांसमोर साजरा झालेला अभिमान हा निमंत्रितांचा कार्यक्रम असतो. नव्या रायपुरासारख्या संस्थांच्या शहरात हा मोह फार मोठा आहे, कारण तेथे फाटके पुष्कळ आहेत आणि बाजार थोडे.

समावेशक सोहळा आखणे म्हणजे काय, याचे उत्तर म्हणून आयोजनाच्या बारीकसारीक गोष्टींतच शोधावे लागते. आखणीच्या पहिल्या बैठकीत तृतीयपंथी आणि समलिंगी माणसे निर्णय घेणारी म्हणून बसली आहेत काय? कलावंताला मानधन मिळते, की ‘संधी’ दिल्याचे उपकार? नोंदणीच्या वहीत माणूस सांगेल ते नाव लिहिले जाते, की ओळखपत्रावरचे? स्वच्छतागृहांची पाटी कोणाला बाहेर ठेवते? तृतीयपंथीयांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृहांची सोय करावी, असे २०१४ च्या निकालानेच सांगितले होते. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्याला मार्ग आहे काय, कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेचा दुभाषा आहे काय, सोहळा छत्तीसगडीत बोलतो की केवळ इंग्रजीत? जूनच्या तापलेल्या दुपारी चालायला लावून पाण्याची सोय विसरणारा आयोजक कोणाचा समावेश करीत असतो? आणि संध्याकाळी कार्यक्रम संपल्यावर, वाहने विरळ असलेल्या त्या रुंद रस्त्यांवरून जुन्या रायपूरच्या वस्तीत परतायला गाडी कोणती? ज्याच्यापाशी स्वतःचे वाहन आहे त्यालाच जेथे पोहोचता येते, तो सोहळा प्रवेशशुल्क न घेताही शुल्क घेत असतो.

यावर एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. रस्ता धोक्याचा आहे. घरी काही न सांगितलेला विद्यार्थी फाटकाआड निर्भय असतो. रस्त्यावर एका छायाचित्राने त्याचे घर सुटू शकते. हे खरे आहे, आणि म्हणूनच चालण्याची सक्ती कोणावर असू नये. छायाचित्रे संमतीने घ्यावीत. ज्यांना नको असेल त्यांनी ओळखीची फीत बांधावी, आणि छायाचित्रकारांना त्या फितीचा अर्थ आधीच समजावून सांगितलेला असावा. मुखवटा घालून चालणाऱ्याला कोणी कमी धीट म्हणू नये. सुरुवातीच्या पदयात्रांत कित्येक जण तसेच चालले. परंतु रस्ता धोक्याचा आहे, यावरून निघणारा निष्कर्ष रस्ता सुरक्षित करावा हा आहे. स्त्रियांना रात्री घराबाहेर पडू नका असे सांगणाऱ्यांचा युक्तिवाद याच धर्तीचा असतो, आणि तो कोणाला सुरक्षित ठेवतो हे एव्हाना कळून चुकले आहे.

प्रशासनाला हे न कळते असे नाही. २०२० मध्ये मुंबईच्या पदयात्रेला ऑगस्ट क्रांती मैदानाहून निघण्याची परवानगी नाकारण्यात आली आणि आझाद मैदानावर जमण्यास सांगण्यात आले. चालणाऱ्यांना एका जागी उभे करणे, हा तूताच्याच विचाराचा महानगरी अवतार होता. मैदान हाही एक मंचच. त्याला सीमा असते, वेळ असते आणि न बघण्याची सोय असते. रस्त्यावर ती सोय नसते. चहाच्या टपरीवरचा माणूस, शेतातून परतणारी बाई, शाळेतून सुटलेले पोर यांना बघावे लागते. आणि त्यांतला एखादा, ज्याने आपल्यासारखे दुसरे कोणी जगात नाही असे धरून ठेवले होते, त्याला दिसते की आहेत. या सोहळ्याचे खरे निमंत्रण त्याच्यासाठी असते, आणि ते छापील पत्रिकेवरून त्याच्यापर्यंत पोहोचणारे नसते.

म्हणून नव्या रायपुरात कोणी अभिमानाचा सोहळा योजील, तर त्याने सभागृहाची चौकशी सावकाश करावी. आधी गावांतून जाणारा, टपऱ्यांचा, वर्दळीचा रस्ता शोधावा, त्या गावांतल्या माणसांना आपण का येत आहोत हे आधी जाऊन सांगावे, आणि मग परवानगीचा अर्ज लिहावा. अर्ज नामंजूर झाला, तर तो नकारही सार्वजनिक करावा. रंगमंचावर या माणसांना शतकानुशतके टाळ्या मिळाल्या आहेत. आता प्रश्न रस्त्याचा आहे, आणि रस्त्यावरून चालायला टाळ्या लागत नाहीत.